पलटणीच्या संग्रहालयातील विजयचिन्हे, स्मृतिचिन्हे आणि जवानांच्या हातची कलाकुसर : वस्तू दाखल करण्यापासून मांडणीपर्यंत

पलटणीच्या संग्रहालयात येणाऱ्या खोक्यात बहुधा सगळे एकत्र कोंबलेले असते. तोफेच्या पितळी पुंगळीची (गोळ्यामागची दारू ज्यात भरतात त्या नळकांड्याची) फुलदाणी, मुठीच्या जागी काडतूस बसवलेली पत्रे फोडायची सुरी, शत्रूच्या कंबरपट्ट्याचे बक्कल, मुष्टियुद्ध स्पर्धेचा चषक, गणवेशाच्या कापडावर भरतकाम केलेली उशी. खोके उघडणाऱ्याचा हात सवयीने पितळेच्या पॉलिशकडे जातो. अशा संग्रहाचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते, कारण पॉलिशने जे निघून जाते ते परत आणता येत नाही. म्हणून क्रम पाळायचा: आधी सुरक्षितता, मग कागदपत्रे, मग वस्तूचे वाचन, मग दाखल क्रमांक. सफाई त्यानंतर, आणि तीही जमेल तितकी कमी.

सुरुवातीलाच वस्तू तीन गटांत विभागली की पुढचे प्रश्न आपोआप ठरतात. विजयचिन्ह असेल तर ते कोणाकडून आणि कोणत्या परिस्थितीत घेतले, हा पहिला प्रश्न. स्मृतिचिन्ह असेल तर ते कोणी कोणाला, कशानिमित्त दिले. जवानाने स्वतः बनवलेली वस्तू असेल तर ती कशापासून, कोणत्या हत्यारांनी आणि खरोखर कोणाच्या हातून घडली. एकच वस्तू दोन गटांत बसू शकते. शत्रूच्या तोफेच्या पुंगळीवर आपल्या पलटणीचे बोधचिन्ह कोरलेले असेल, तर दोन्ही गटांचे प्रश्न विचारायचे.

आधी धोका तपासा

पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी असते. त्यावर फायरिंग पिनचा (तोफेच्या ठोकणाऱ्या खिळ्याचा) खळगा दिसला तर तो उडालेला असण्याची शक्यता मोठी आहे, पण खात्री नाही. पिन बसूनही न उडालेले प्रायमर असतात. काडतूस बसवलेल्या सुऱ्या, लेखण्या आणि लायटर यांचेही तसेच. गोळी जागेवर असेल तर आत दारू शिल्लक आहे असे समजूनच वागायचे. सर्वांत फसवी वस्तू म्हणजे फ्यूज, म्हणजे तोफगोळ्याच्या टोकाचा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा शंकू. आकडे कोरलेल्या कड्यांमुळे तो देखणा दिसतो, म्हणून पेपरवेट किंवा दौत म्हणून टेबलावर राहतो. त्याच्या आत स्फोटक टोपी शाबूत असू शकते. आट्यांमध्ये पिवळट स्फटिक किंवा डाग दिसले तर हातही लावू नका. जुन्या गोळ्यांतील पिक्रिक आम्लापासून धातूबरोबर तयार होणारे क्षार घासण्यानेही पेटू शकतात.

अशा वेळी वस्तू फिरवून उघडू नका, भोक पाडू नका, तापवू नका, दुसऱ्या खोलीतही हलवू नका. लांबून छायाचित्र घ्या, खोली रिकामी करा आणि पोलिसांमार्फत बॉम्बनाशक पथकाला बोलवा. तपासणी झाल्यावर वस्तू निर्धोक असल्याचा लेखी दाखला घेऊन तो त्या वस्तूच्या फाइलमध्ये लावा. हा कागद नसेल तर पुढचा प्रत्येक कर्मचारी हीच भीती पुन्हा नव्याने अनुभवतो.

बाकीचे धोके आवाज न करणारे आहेत. जुन्या होकायंत्रांच्या आणि घड्याळांच्या तबकड्यांवर अनेकदा रेडियमचा रंग असतो. तो आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. मंदावतो तो चमकणारा पदार्थ, रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षे आहे. अशा वस्तूची काच उघडू नका आणि गायगर काउंटरने मोजणी करून घ्या. दुसऱ्या महायुद्धातील गॅस मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे मास्क घालून पाहायला कोणालाही देऊ नका. प्राण्यांची भुसा भरलेली डोकी आणि कातडी अनेकदा आर्सेनिक लावून टिकवलेली असतात. नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क वापरा.

कागदपत्रे: मालकी कोणाची?

वस्तू स्वीकारताना दोन प्रतींत पावती करा: तारीख, देणाऱ्याचे नाव, वस्तूंची यादी, आणि वस्तू भेट आहे, उसनवारीने आहे की फक्त पाहण्यासाठी ठेवली आहे. भेट असेल तर मालकी हस्तांतराचा वेगळा सहीचा कागद हवा. आणणारा माणूस मालक असेलच असे नाही. आजोबांच्या वस्तूंवर चार भावंडांचा हक्क असतो आणि हे बहुतेकदा वस्तू काचेमागे गेल्यावर कळते.

पलटणीच्या चांदीची तर वेगळीच गंमत आहे. मेसमधले चषक आणि तबके अनेकदा मेसच्या किंवा न्यासाच्या मालकीची असतात आणि समारंभासाठी परत मागितली जातात. त्यांना संग्रहालयाचा दाखल क्रमांक देऊ नका, उसनवारीचा क्रमांक द्या. ‘कायमस्वरूपी उसनवारी’ हा शब्दप्रयोग कागदावर येऊच देऊ नका. तीन किंवा पाच वर्षांची मुदत घाला आणि दर वेळी नूतनीकरण करा.

माहितीची नोंद तीन वेगळ्या रकान्यांत करा: देणाऱ्याने काय सांगितले, वस्तूवर काय दिसते, दप्तरात काय सापडले. हे रकाने एकमेकांत मिसळले की वीस वर्षांनी घरगुती आख्यायिका फलकावर इतिहास म्हणून छापली जाते. ब्रिटिश पलटणींसाठी पहिल्या महायुद्धातील युद्धडायऱ्या (पलटणीच्या रोजच्या हालचालींच्या नोंदवह्या) लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत, तर पदकांची सूचिपत्रे ‘डब्ल्यूओ ३७२’ मध्ये. फुलदाणीवर कोरलेल्या गावी त्या तारखेला ती पलटण होती का, हे युद्धडायरीवरून तपासता येते.

पुंगळी कशी वाचावी

आधी मोजमाप, सगळे मिलिमीटरमध्ये: उंची, बुडाच्या कडेचा व्यास, तोंडाचा आतला व्यास. ब्रिटिश १८ पौंडी तोफेचा कॅलिबर (नळीचा आतला व्यास) सुमारे ८४ मिमी आणि तिच्या पुंगळीची मूळ लांबी सुमारे २९५ मिमी. फ्रेंच ७५ मिमी तोफेच्या पुंगळीची लांबी ३५० मिमी. लांबी कमी भरली तर तोंड कापलेले आहे हे कळते. वेलबुट्टीची फुलदाणी करताना कड कापून पाकळ्यांसारखी वळवण्याची पद्धत सर्रास होती. मग लोहचुंबक लावा. चिकटला तर पितळ नव्हे, पोलाद आहे. पहिले महायुद्ध लांबले तसे पितळ कमी पडले आणि पोलादी पुंगळ्याही निघाल्या.

त्यानंतर बूड. प्रकाश बाजूने तिरका टाका, भिंग घ्या आणि दिसेल तसे, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवून घ्या. ब्रिटिश पुंगळीवर तोफेचा प्रकार, कारखान्याची आद्याक्षरे, लॉट क्रमांक आणि तारीख असते. फ्रेंच ७५ मिमीवर ‘७५ डीई सी’ ही अक्षरे असतात, म्हणजे ७५ची मैदानी तोफ. जर्मन पुंगळीवर कारखान्याचे नाव आणि महिना-वर्ष. ही तारीख पुंगळी घडवल्याची आहे, नक्षीकामाची नव्हे. ब्रिटिश पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरल्या जात आणि भरण्याच्या खुणा बुडावर एकावर एक ठोकलेल्या दिसतात. १९१५ची पुंगळी १९१७ मध्ये उडालेली आणि १९२० नंतर कोरलेली असू शकते. बुडावरून एवढेच ठरते की काम त्या तारखेच्या आधीचे नाही.

आता नक्षी. उठावाचे काम करताना पुंगळी आधी तापवून नरम करत. ठोके बसताना पत्रा चेपू नये म्हणून आत राळ, शिसे किंवा ओली वाळू भरत. कागदावरची आकृती बाहेर चिकटवून तिच्या रेषांवर पंच चालवत आणि मोकळी पार्श्वभूमी टोकदार केलेल्या खिळ्याच्या बारीक टिंबांनी भरत. या प्रत्येक पायरीची खूण मागे उरते: आतल्या बाजूला राळेचा काळा थर किंवा शिशाचा करडा लेप, खोबणीत अडकलेले वाळूचे कण, रेषेवरून घसरलेला पंच, शेवटच्या ओळीत दाटीवाटीने बसवलेली अक्षरे. टिंबांकडे भिंगातून पाहा. एकाच खिळ्याने केलेल्या टिंबांचा आकार सारखा असतो आणि खिळा मध्येच पुन्हा घासून टोकदार केला असेल तर तिथून आकार बदलतो. कामाला किती वेळा थांबा घेतला, हेही त्यावरून दिसते. म्हणूनच फुलदाणीची आतली बाजू धुऊ नका. घरात तिच्यात फुले आणि पाणी ठेवले गेले असेल तर तळाशी हिरवा थर असतो, तोही नोंदीनंतरच पाहायचा.

हे काम खंदकात बसून केले, अशी समजूत फार रूढ आहे. तोफगोळे पडत असताना पुढच्या रांगेत हातोडी ठोकत बसणे कोणाला शक्य होते, याचा विचार करा. पुढच्या रांगेत अंगठ्या, छोटे कोरीवकाम अशी हलकी कामे होत. ॲल्युमिनियमच्या अंगठ्या फ्यूजच्या धातूपासूनच केल्या जात. मोठ्या पुंगळ्यांचे काम पिछाडीला, जिथे ऐरण, भट्टी आणि लेथ होते अशा दुरुस्ती-कार्यशाळांत झाले. काही काम युद्धकैद्यांनी केले, काही बेल्जियम आणि फ्रान्समधल्या नागरिकांनी विक्रीसाठी केले, आणि १९१८ नंतर रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठीही ते चालू राहिले. ईप्र किंवा व्हर्दां अशा रणभूमीचे नाव कोरलेले असणे म्हणजे बनवणारा तिथे लढला याचा पुरावा नव्हे. एकसारख्या जोड्या, लेथवर फिरवलेली सफाईदार कड आणि सैनिकाचे नाव-क्रमांक नसणे या गोष्टी विक्रीच्या मालाकडे बोट दाखवतात. फलकावर ‘सैनिकाने बनवलेली’ लिहिण्याआधी निदान एक पुरावा हातात हवा.

मागाहून केलेले कोरीवकाम ओळखायला खोबणीच्या तळाशी पाहा. बाहेरचे पितळ तपकिरी आणि खोबणी लखलखीत, कडेला बोटाला खरखर लागणारा धातू उठलेला, असे असेल तर शंका घ्या. पूर्ण पॉलिश केलेल्या वस्तूत ही परीक्षा करताच येत नाही. पॉलिश न करण्याचे हे आणखी एक कारण.

पत्रे फोडायच्या सुऱ्यांची पाती पुष्कळदा गोळ्याच्या तांब्याच्या पट्ट्याची असतात. हा पट्टा गोळ्याच्या बुडाजवळ असतो आणि नळीतून जाताना आतल्या खाचा त्यात रुततात. पात्यावर ठरावीक अंतराने तिरक्या समांतर चऱ्या दिसल्या तर तो पट्टा खरोखर डागलेल्या गोळ्याचा आहे. चऱ्या झिजवून टाकल्या की हा पुरावा गेला.

क्रमांक घालणे

सोपी रचना ठेवा: वर्ष, त्या वर्षातील देणगीचा क्रमांक, त्यातील वस्तू. उदाहरणार्थ २०२४.१२.३. झाकण वेगळे होत असेल तर ३अ, ३ब.

धातू, काच आणि गुळगुळीत लाकूड यांवर पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचे ॲसिटोनमधील सुमारे २० टक्के द्रावण ब्रशने एका छोट्या पट्टीवर लावा. वाळल्यावर रंगद्रव्याच्या काळ्या शाईने क्रमांक लिहा आणि वर पुन्हा एक थर द्या. जागा बुडाच्या कडेजवळ, पण कोरलेल्या खुणा मोकळ्या सोडून. द्रावण पातळ असेल तर शाई पसरते आणि घाईने दुसरा थर दिला तर आकडे विरघळून डाग होतो. सेल्युलॉइड, पर्स्पेक्स (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) आणि रंगवलेला पृष्ठभाग यांवर ही पद्धत चालत नाही, ॲसिटोन तो पृष्ठभागच खाऊन टाकते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांच्या पर्स्पेक्सपासून बनवलेल्या अंगठ्या आणि लॉकेटे यांना दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. सच्छिद्र हाडालाही चिठ्ठीच. कापडाला सुती पट्टीवर क्रमांक लिहून दोन सैल टाके, कागदाला मऊ पेन्सिल. चिकटपट्टी कशालाच नको.

पितळेची सफाई

पितळेचा तपकिरी रंग हा रोग नाही, तो तसाच राहू द्या. काढायचे ते तीनच पदार्थ: धूळ, जुन्या पॉलिशचा पांढरट-हिरवा साका आणि बोटांच्या ठशांची चिकट घाण.

मऊ ब्रशने धूळ व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकला. साका काढायला टोकदार केलेली बांबूची काडी घ्या, कापसाचा बोळा व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रवात) किंचित भिजवा आणि भिंगाखाली थोडे थोडे काम करा. बोळा काळा होत राहिला तर थांबा, तुम्ही आता धातूच उतरवत आहात. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ थर देऊन मऊ सुती कापडाने पुसा. मेण जाड झाले तर त्यावर धूळ बसून नक्षी बुजते.

अमोनिया असलेले कोणतेही पॉलिश किंवा काचा पुसायचे द्रव या वस्तूंच्या जवळही नको, आणि त्यामागे जुना अनुभव आहे. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवत आणि पावसाळा संपल्यावर पुंगळ्या तडकलेल्या निघत. कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले: घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळेत साठलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ फुटते. आपली फुलदाणी तशाच पितळेची आहे. वर ठोक्यांनी तिच्यात आणखी ताण भरला आहे आणि तो अंगावर पाडलेल्या उभ्या पन्हळींच्या घड्यांत सर्वाधिक असतो. केसासारख्या बारीक उभ्या रेषा घडीत दिसल्या तर छायाचित्र काढा आणि ती फुलदाणी गळ्याला धरून उचलू नका. दोन्ही हातांनी बुडाखालून उचला.

फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी ठिपकी मात्र रोग आहे. क्लोराइडमुळे तांबे आतून खाल्ले जाते. वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, हवाबंद डब्यात सुकवलेल्या सिलिका जेलसह ठेवा आणि धातूच्या संवर्धकाकडे द्या. बेंझोट्रायझोलचा (तांब्याचा गंज रोखणाऱ्या रसायनाचा) उपचार घरच्या टेबलावर करू नये, ते रसायन आरोग्याला घातक आहे.

चांदीचे चषक

हॉलमार्क आधी पाहा. इंग्लंडमध्ये चालता सिंह म्हणजे ९२५ शुद्धतेची चांदी, ‘ईपीएनएस’ म्हणजे जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. प्रत्येक पॉलिश थोडी चांदी नेते. मुलामा उंचवट्यांवर आधी झिजतो आणि खालचा पिवळट धातू डोकावतो. बारीक खडूची भुकटी शुद्ध पाण्यात कालवून कापसाने हलक्या हाताने घासा, पुसा आणि लगेच कोरडे करा. बुडवून काढायचे द्रव वापरू नका. ते सांध्यांत शिरते, मागे उरते आणि कोरीव रेषांतला सावलीसाठी मुद्दाम ठेवलेला काळेपणाही काढून टाकते. मेणबत्तीदाण्यांत वजनासाठी राळ किंवा प्लास्टर भरलेले असते, त्यांना पाण्यात कधीच ठेवू नका.

चांदी पुन्हा काळी पडू नये यासाठी तिच्याजवळून लोकर, फेल्ट आणि रबर हटवा. तिन्हींतून गंधकाची संयुगे बाहेर पडतात. आम्लरहित कागदात गुंडाळलेल्या चषकाला बाहेरून रबरबँड लावला तरी त्याची काळी रेघ कागदामधून चांदीवर उमटते.

कापड, हाड आणि पाव

कापडात धुणे नाहीच. बारीक जाळी ठेवून कमी ओढीच्या व्हॅक्यूमने धूळ काढा. गणवेशाच्या लाल-निळ्या तुकड्यांच्या गोधड्या आणि भरतकाम केलेली बोधचिन्हे पाण्यात रंग सोडतात. झेंडा काठीला लटकवून ठेवला तर स्वतःच्या वजनाने फाटतो. तो सपाट ठेवा, किंवा आम्लरहित कागदाने झाकलेल्या ७५ ते १०० मिमी व्यासाच्या नळीवर रंगवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

युद्धकैद्यांनी जेवणातल्या हाडांची जहाजे केली आणि पावाच्या लगद्याची बुद्धिबळे केली. पाव आणि लोकर यांना कीड लागतेच. शंका येताच पॉलिथिनमध्ये हवा काढून सीलबंद करा आणि उणे ३० अंशांवर तीन दिवस किंवा उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे गोठवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव वस्तूवर बसते. काच जडवलेली, रंगवलेली किंवा अनेक पदार्थ जोडलेली वस्तू गोठवू नका.

साठवण आणि मांडणी

फक्त धातू असतील तर सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवा, हाड-लाकूड-कापड जोडलेले असेल तर ४५ ते ५५. आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक. बंद कपाटात सिलिका जेल वापरायचे तर दर घनमीटरला २० किलो हे जुने प्रमाण अजून कामाचे आहे. कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) जास्त प्रकाश नको. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तरी त्याचे १,२०,००० लक्स-तास होतात, म्हणून कापडी वस्तू आलटूनपालटून दाखवा.

कपाटाचे लाकूड हा दुर्लक्षित शत्रू आहे. ओक आणि एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची दाबलेली फळी) यांमधून आम्लाची वाफ निघते आणि शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते. नवे कापड, रंग किंवा फळी वापरण्याआधी ऑडी चाचणी करा: नमुन्याबरोबर चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्या थोड्या पाण्यासह बंद बरणीत, ६० अंशांवर २८ दिवस. नमुना नसलेली एक बरणी तुलनेसाठी ठेवा. पट्ट्या तिच्यातल्यांपेक्षा जास्त काळवंडल्या किंवा पांढरटल्या तर तो माल नको.

जिंकून आणलेल्या वस्तू

पकडलेल्या तोफांवर पलटणी आपला दावा रंगाने लिहीत. नंतर स्मारकाच्या अंगणात त्यांना थरावर थर रंग चढला. गंज दिसला म्हणून थेट सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने घासणे) केले तर तोफ कोणी पकडली याचा एकमेव लेखी पुरावा धुळीत जातो. आधी एका कोपऱ्यात थर उघडून पाहा आणि तिरक्या प्रकाशात अक्षरांचे उंचवटे शोधा.

१८९९ आणि १९०७ च्या हेग नियमांनी, म्हणजे युद्धाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांनी, लूट स्पष्टपणे निषिद्ध केली. लढाईत पकडलेली तोफ आणि घरातून, देवळातून किंवा मृताच्या अंगावरून उचललेली वस्तू एकाच शब्दात बसवू नका. फलकावर ‘मिळाले’ हा शब्द टाळा. जप्त, लुटलेले, विकत घेतलेले, भेट मिळालेले यांपैकी जे पुराव्यावर टिकते तेच लिहा. मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून त्यांच्याविषयी मूळ समाजाशी बोलणी करा. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने सम्राट तेवोद्रोस दुसरे यांचे केस २०१९ मध्ये इथिओपियाला परत केले. सह्या आणि शुभेच्छा लिहिलेले जपानी हिनोमारू (लाल सूर्यबिंबाचे) झेंडे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी आठवण म्हणून आणले, त्यांवरची नावे वाचून घ्या. ती त्या सैनिकाच्या घरच्यांची आणि ओळखीच्यांची असतात आणि त्यांवरून वारस सापडू शकतात.

शत्रूची ओळखतबकडी (सैनिकाच्या अंगावरची ओळखीची धातूची चकती) हाती आली तर ती आडवी मोडलेली आहे की पूर्ण, हे पाहा. जर्मन तबकडीचा अर्धा भाग मृतदेहाबरोबर ठेवायचा आणि अर्धा मृत्यूच्या नोंदीसाठी मोडून घ्यायचा, अशी रचना असे. पूर्ण तबकडी युद्धातून वाचलेल्याची असू शकते, आणि ज्याचा मृत्यू कधीच नोंदला गेला नाही अशा बेपत्ता सैनिकाचीही. दोन्ही बाजूंची अक्षरे नीट उतरवून, सापडल्याच्या जागेविषयी देणाऱ्याने जे सांगितले त्यासह त्या देशाच्या युद्धसमाधी संस्थेला कळवा. जर्मन तबकडी असेल तर ती संस्था म्हणजे फोल्क्सबुंड. उत्तर येईपर्यंत तबकडी प्रदर्शनात लावू नका.